दिवटी छाप

११ ऑगस्ट, सोमवार

॥ त्वरितामाई, सांभाळ ॥

गेल्या सालची, विम्याच्या एजंटाने दिलेली ही डायरी कोरी पडली होती. टाकवेना. छापलेला वार खोडून आजचा घातला की झालं. घरखर्चाची आणि कारखान्याची वही मीच लिहिते, पण तिच्यात मनातलं लिहायला रकाना नाही.

श्रावणी सोमवार. दरवर्षी कपिलधारला जातो. यंदा जीपचं भाडं वाचवलं आणि घरच्या पिंडीवर पाणी घातलं. महादेव समजून घेईल, तोही संसारी आहे.

दुपारी धर्मापुरीचे सटवा आले, जुनं गिऱ्हाईक. एसटीने, रिकाम्या हाताने.

“मालक, ठाण्यात जमा केली बगा बंदूक. कागुद दिला त्यांनी. पर तितं तिला तेल कोन लावल?”

हे म्हणाले, “कुनी न्हाई लावत.”

“मंग गंजल की.”

“गंजल.”

“तुमच्या बाबांनी माज्या बापाला दिल्याली. रानडुकरं सोडून कुनावर धरली न्हाई. माजी कावून घेतली?”

वाढदिवसाला हवेत बार काढणारे वेगळेच होते. मोबाइलवर फिरले ते त्यांचे व्हिडिओ, पण परवाने तपासायला काढले ते सगळ्यांचेच. कितीतरी रद्द झाले. नवा तर मिळतच नाही.

मामंजी मूळचे त्वरितादेवीच्या तलवाड्याचे. पोरवयात हैदराबादला गेले, निजामाच्या कारखान्यात हत्यारं दुरुस्त करायला शिकले. पुढे सरकारी परवाना काढून बीडला दिवटी गन वर्क्स टाकलं. घरामागे पत्र्याचं छप्पर, पण मराठवाड्यात बारा बोरची बंदूक म्हटलं की लोक विचारायचे, ‘दिवटी हाय का?’ नळीच्या बुडाशी तांदळाएवढी छाप असते, देवीच्या गोंधळातल्या दिवटीची. मी लग्न होऊन आले तेव्हा पंगत बसेल एवढी माणसं कामाला होती. आता हे आणि नाथाभाऊ.

ह्यांनी सटवांना तेलाची बाटली दिली, पैसे घेतले नाहीत. वहीत लिहिलं, ‘तेल, एक बाटली, धर्मादाय.’


२० ऑगस्ट, बुधवार

छत्रपती संभाजीनगरच्या दुकानदाराने राहिलेल्या बंदुका परत पाठवल्या. खोकी अंगणात उतरवली तेव्हा हे पाठ फिरवून उभे होते. बँकेचा माणूसही येऊन गेला. कारखाना आणि घर दोन्ही तारण आहे. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला.

संध्याकाळी रविराज भाऊजी आले. ते ह्यांचे धाकटे भाऊ. कारखान्यात त्यांचा वाटा आहे, घाम नाही. आप्पांच्या गाडीतून फिरतात. आप्पा म्हणजे आमच्या भागातले पुढारी.

“दादा, फवारणी पंपाच्या नळ्या करायच्या हायत. आप्पांच्या वळखीचा मानूस कंपनी काढतोय. तुजं लेथ रिकामं, हात रिकामे. बस की कामाला.”

“पंपाला इतकी जाड नळी?”

“जोराचा पंप हाय.”

“ऑर्डरचा कागद?”

“कागद मागून. पैसे आदी.”

हे बशीकडे बघत राहिले. चहा निवला. भाऊजी माझ्याकडे वळले. “वैनी, तुमी तरी सांगा. देवीनं दार उगडलं तर आपन लोटायचं का?”

मी म्हटलं, “कष्टाचं आहे तर घ्या. बंदूक नाही तर पंप.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला कळलं नाही. मग म्हणाले, “बरं.”


२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले आणि आज नाथाभाऊंनी काम सोडलं. जन्म गेला त्यांचा इथे. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, “वैनी, हिशेब करा माजा.”

“अहो, गणपती घरात असताना?”

“डोळं गेलं माजं. दिसत न्हाई आता.”

“मोतीबिंदू असेल. शिबिरात फुकट काढतात.”

“ह्यो शिबिरात निगायचा न्हाई.” मग हळूच म्हणाले, “मालकाला म्हनावं, नाथा कुनाला काय बोलनार न्हाई.”

डोळ्यांबद्दल बोलण्यासारखं काय असतं? मी मोदक बांधून दिले. अंगणातून जाताना वाकून त्यांनी एक बारीक स्क्रू उचलला आणि खिडकीत ठेवला, कुणाच्या पायाला लागू नये म्हणून. डोळे गेलेल्या माणसाला तो दिसला कसा, हे मला ते गेल्यावर सुचलं.


१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज मामंजींची तिथी. भाजी, वडे, खीर सगळं केलं. पान वाढून ह्यांना बोलवायला गेले तर लेथ चालूच. पितृपंधरवड्यात नवं काम धरत नाहीत, हे मी ह्यांना सांगायची गरज कधी पडली नव्हती.

हात धुऊन आले, पण पानाशी बसेनात. फोटोकडे बघून म्हणाले, “बाबांसमोर न्हाई बसवत. तू उरकून घे.”

बँकेचे थकलेले हप्ते भरले गेले. भाऊजींनी रोख आणून दिले, प्लास्टिकच्या पिशवीत. मी वही उघडली तर हे म्हणाले, “ते लिहू नको.”

“मग कुठे लिहू?”

“कुठंच नको.”

आलेलं लिहायचं नाही, असं ह्या घरात पहिल्यांदाच. देवीपुढे ठेवून हळदकुंकू लावलं आणि घेतलं. तरी मनाला बरं वाटलं नाही.

मागच्या खड्ड्यात बार होत नाहीत, त्याचीही चुटपुट आहे. नवी बंदूक झाली की हे खड्ड्यात दोन बार काढून तिची चाचणी घेतात, मग मी नारळ फोडते. त्याशिवाय माल बाहेर जात नाही. पंपाच्या नळीला चाचणी कसली, म्हणून सगळं मुक्यानेच चाललंय. स्वयंपाकात घालायला खोबरंही राहिलं नाही.


२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. पाऊस थांबत नाही. सिंदफणेला पूर आहे, गावाकडचे रस्ते बंद. ह्यांना नवरात्राचे उपास करू नका म्हटलं, वाळलेत फार. म्हणाले, “भूकच न्हाई, उपास कसला.”


१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. परवान्याच्या नूतनीकरणाची आजची तारीख अचानक लागली म्हणून हे कालच संभाजीनगरला गेले. उद्या येतील.

आमच्या घरात आजचा एक नेम आहे, मामंजींनी घालून दिलेला. छापेचा ठसा वर्षभर देवघरात, देवीच्या पायाशी हळदीच्या वाटीत असतो. लागेल तेव्हा हे माझ्याकडून मागून नेतात. पण खंडेनवमीला घरच्या बाईने अंघोळ करून तो घेऊन कारखान्यात जायचं, आणि छपराखाली जे बिनछापाचं असेल त्यावर स्वतः छाप मारायची. एकही नळी तशी राहायला नको. सासूबाई मारायच्या, त्यांच्यामागे मी. मामंजी म्हणायचे, घरच्या बाईने छाप मारली की माल कुठंही जावो, त्याचं पाप-पुण्य ह्या घराचं.

यंदा मारायला बंदूकच नव्हती. परत आलेल्यांवर आधीचीच छाप. हातात ठसा, हातोडी, हळदकुंकवाचं ताट, आणि समोर काही नाही. तशीच मागे फिरले तर देवीला काय तोंड दाखवू? रडू आलं. अवजारांना हळदकुंकू लावत लावत लेथमागे गेले, तर तिथे सुतळीने तोंड बांधलेलं पोतं. सोडलं. कागदात गुंडाळलेल्या वीतभर लांबीच्या नळ्या. त्या पंपाच्या. भाऊजी सोमवारी नेणार होते, पावसाने राहिल्या असणार.

एक पुसून उजेडाकडे धरली. मी नवी सून होते तेव्हा मामंजींनी शिकवलं होतं. चांगल्या नळीत उजेडाची कडी दिसतात, एकात एक, आतपर्यंत. कडं मोडलेलं दिसलं की नळी वाकडी. ह्या नळीतली सगळी कडी शाबूत होती. पाण्यात खडा टाकल्यासारखी.

पंपाच्या नळीला एवढी सफाई कशाला, असं मनात आलं. मग म्हटलं, ह्यांचा हातच तसा. औषध फवारायच्या नळीतही खोट ठेवत नाहीत. इतक्या चांगल्या कामावर घराचं नाव नसावं?

सगळ्यांवर मारली. एकेक ऐरणीवर धरून, ठसा सरळ टेकवून, एकच घाव. दुसरा मारला की दिवटीला दोन ज्योती उमटतात.

भिंतीपलीकडून भिवराबाईंनी विचारलं, “वनमालाबाई, काय ठोकायलाव?”

“छाप मारतेय.”

“यंदा हायत का मंग बंदुका?”

“देवीने दिलंय काहीतरी.”

पुन्हा कागदात गुंडाळून पोतं होतं तसं बांधलं. दुपारी भाऊजी घाईत आले. “कुनी आल्तं का, वैनी?”

“कुणी नाही. प्रसाद घ्या. तुमच्या मालाचीही पूजा केलीय मी.”

“बरं केलं. यश येईल.” पोतं उचलताना त्यांच्या पांढऱ्या शर्टाला हळद लागली. बघितली, झटकली नाही. शुभ असते म्हणाले.


२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. हे दुपारी आले. नूतनीकरणाचं डिसेंबरपर्यंत लांबलं. औक्षण केलं, आपट्याची पानं दिली, आणि मोठ्या आनंदाने सांगितलं, “नेम मोडू दिला नाही मी. नळ्यांवर छाप मारली.”

“कुठल्या नळ्या?”

“पंपाच्या.”

“किती?”

“सगळ्या.”

हे तिथेच, पाटाशेजारी फरशीवर बसले. पानं हातात होती. मग विचारलं, “पोतं हाय का?”

“भाऊजी कालच घेऊन गेले.”

उठून चप्पल न घालता बाहेर गेले. अंधार पडल्यावर परतले. पुरणपोळी तशीच राहिली. मला वाटतं, त्या पंपवाल्याला दुसऱ्याची छाप चालत नसेल, माल परत येईल. माझ्या हौसेपायी ह्यांचं काम वाया जाणार. तसं विचारलं तर म्हणाले, “तुजी चूक न्हाई.” पण ते मला धीर दिल्यासारखं वाटलं नाही.


७ ऑक्टोबर, मंगळवार

भाऊजींचा फोन बंद. हे रोज त्यांच्या घरी जाऊन येतात, माल कुठे गेला ते कळत नाही म्हणतात. पंपाच्या नळ्यांसाठी माणूस इतका घाबरा होतो?

हे वाक्य लिहून मी बराच वेळ पेन हातात घेऊन बसले. पुढे लिहीत नाही.


१३ ऑक्टोबर, सोमवार

भिवराबाई मोबाइल घेऊन आल्या. “बगा ओ हे. परळी रस्त्याच्या ढाब्यावर एका पोराचा वाढदिवस. पिस्तूल काढलं, नाचता नाचता बार उडाला. वाढप्याच्या मांडीतनं गोळी आरपार. बिचारं ताट घेऊन चाल्लतं.”

“जगला ना?”

“जगला. पर पाय जातंय म्हनत्यात.” त्यांनी बोटाने चित्र मोठं केलं. पोलिसांनी टेबलावर मांडलेलं पिस्तूल होतं ते. “हे बारीक बगा. तुमच्या दिवटीवानी दिसतंय.”

मी चष्मा आणते म्हणून आत गेले आणि देवघरात बसले. चष्मा डोळ्यांवरच होता.

एकच ज्योत. दुसरा घाव मारलेला नाही.

हे आले तेव्हा मी विचारलं, “पंप नव्हतेच ना?”

“न्हाई.”

“तुम्हाला पहिल्या दिवशी कळलं होतं?”

“लेथवर पैली नळी चढवली तवा.” खाली बघून बोलत होते. “वाटलं, बँकेचं भागलं की बंद करू. बिनछापाचा माल, कुटनं आला कोन इचारतंय. बाबांच्या नावाला लागनार न्हाई, असं मनाला सांगत होतो.”

“आणि वाढपी?”

मीही ऑगस्टात ‘बंदूक नाही तर पंप’ म्हणाले होते. जाड नळीचा प्रश्न ह्यांनी माझ्यासमोरच विचारला होता.


१४ ऑक्टोबर, मंगळवार

भाऊजी आले. आप्पांचा वकीलही बरोबर होता. तो गाडीतच बसून राहिला.

“घाबरायचं काम न्हाई,” भाऊजी म्हणाले. “पोलीस छापेवरनं इतं येनार. आपन सांगायचं, ठसा ऑगस्टपासनं सापडत न्हाई. नाथानं काम सोडलं, जाताना घेऊन गेला. त्याला काम येतं, त्याच्या घरी पैसा न्हाई. बसतंय सगळं.”

हे म्हणाले, “नाथा?”

“सुटल त्यो चार म्हैन्यात. त्याच्या घरचं आप्पा बगतील. तू अडकलास तर कारखाना गेला, घर गेलं. वैनी, ठसा तुमच्या ताब्यात असतो हे गावाला म्हाईत हाय. तुमी एवडंच म्हना, सापडत न्हाई. आन् आजच्या आज हिरीत टाका.”

“देवीच्या पायाशी असतो तो,” मी म्हटलं.

“देवी माफ करती. बँक करत न्हाई.”

ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान खाली घातली. भाऊजी गेल्यावर मी ठसा पदरात घेऊन विहिरीपर्यंत गेले. घर डोळ्यांसमोर येत होतं, आणि हे हातकडीत. देवीला म्हटलं, तूच सांग. ती कधी बोललीय? नाथाभाऊंनी खिडकीत ठेवलेला स्क्रू अजून तिथेच आहे, येताना तोच दिसला.

ठसा परत हळदीत ठेवला. पण पोलिसांपुढे काय बोलेन, ते आज मला सांगता येत नाही.


१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज पोलीस आले. फौजदार तरुण, बोलणं मऊ. बरोबर लिहून घ्यायला एक हवालदार. भाऊजींना कुणी कळवलं कोण जाणे, ते आधीच दाराशी हजर. हे खुर्चीत बसून होते, हात गुडघ्यांवर.

कापडात गुंडाळलेली नळी टेबलावर ठेवून फौजदार म्हणाले, “बाई, ही खूण ओळखता?”

भाऊजी म्हणाले, “साहेब, मी बोललो की, ठसा ऑगस्टपासनं...”

“तुम्हाला विचारलं का?”

मी विचारलं, “हातात घेऊन बघू का?” त्यांनी मान हलवली. नळी खिडकीकडे धरली. बार उडून आत काजळी धरली होती, तरी तिच्यातून कडी दिसत होती, एकात एक. एकही मोडलेलं नव्हतं.

“दिवटी आहे. आमची.”

“ठसा चोरीला गेला म्हणतात.”

देवघरात गेले. वाटीतून काढला, पुसला नाही, हळदीसकट नळीशेजारी ठेवला. “इथेच असतो. खंडेनवमीला मीच मारली छाप. दरसाल मी मारते.”

“कशाची नळी आहे हे माहीत होतं?”

भाऊजी डोळे वटारत होते. ‘माहीत नव्हतं’ हे दोनच शब्द, आणि खोटेही नव्हते.

“पंपाची म्हणून मारली,” मी म्हटलं. “पण मारायच्या आधी आतून बघितली होती.”

हे उठले. नळी माझ्या हातातून घेतली, छापेवरून अंगठा फिरवला. म्हणाले, “सरळ उमटलीय.” मग फौजदारांकडे वळून, “नळी माजी हाय, साहेब. सगळ्या नळ्या माज्या. नाथाचा ह्यात कायबी संबंध न्हाई. त्यानं बगितलं आन् त्यो गेला, एवडंच.”

“गप बस बे!” भाऊजी मोठ्या भावाला असं पहिल्यांदाच बोलले.

“माल कुणासाठी केला?”

ह्यांनी दाराकडे बोट दाखवलं. भाऊजींच्या अंगावर तोच पांढरा शर्ट होता. हळदीचा डाग धुऊन फिकट झाला होता, गेला नव्हता.

पोलिसांबरोबर निघायच्या आधी ह्यांनी हात धुवायला सोडा मागितला. मी पाणी घातलं. तेलाची रेघ नखातून निघत नव्हती. म्हणाले, “ऱ्हाऊ दे.”

हवालदाराने माझा जबाब लिहिला. वय, शिक्षण मॅट्रिक. धंदा विचारलाच नाही, आपणच ‘घरकाम’ लिहून मोकळा झाला.


२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. कारखान्याला सील आहे. पणती बाहेरच्या पायरीवर ठेवली.

छापेवरून बाकीच्या नळ्या सापडायला लागल्यात, असं फौजदार म्हणाले. अजून थोड्या बाहेर आहेत. देवीला रोज तेवढंच मागते, त्यांतला बार उडायच्या आधी त्या सापडू देत.

आप्पांचा वकील दुपारी येऊन गेला. मिठाईचा पुडा आणला होता, घेतला नाही. “ताई, जबाब अजून फिरवता येतो,” म्हणाला. “तुम्ही घरकाम करणाऱ्या बाई, वय झालेलं, पूजेची घाई. नळी आतून बघितली खरी, पण नीट दिसलं नाही, एवढंच म्हणा. तुमच्या यजमानांचंही मग हलकं होईल.”

मी म्हटलं, “डोळ्यांचं कारण आमच्या नाथाभाऊंनी सांगून झालंय.”

त्याला काही कळलं नाही. पायरीवर सणाला आलेले नाथाभाऊ वाती वळत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही.